माणकची भैरवी

गिरगाव, १८९८

हरेश्वरदादा यांस नमस्कार,

तुमची बहीण, माझी माणक, प्लेगात गेली. ती गाते म्हणून तुम्ही अबोला धरून रंगूनला निघून गेलात. आजारी पडण्याआधी तिची भैरवी मी फोनोग्राफच्या मेणाच्या नळीवर उतरवली होती. काल गाणंवेडी मित्रमंडळी आपापल्या नळ्या घेऊन जमली, तेव्हा मी ती प्रथमच लावली. गाणं संपलं नि घरघरीतून तिचा आवाज आला, "दादा ऐकेल ना हो हे?" नळी उतरवताना यंत्राच्या नादात मला ते ऐकूच गेलं नव्हतं.

जमलेल्यांपैकी नानाभाई हळूच म्हणाले, "पुन्हा लावा."

मी लावली नाही. दर खेपेला मेण झिजतं, दादा. उरलाय तो आवाज तुमचा आहे. पण तुमच्या घरचे मला तुमचा पत्ता देत नाहीत, म्हणून हे पत्रही त्या नळीपाशीच ठेवतो.

तुमचा मेहुणा,
मोरोबा