दक्षिणेला पाय

कुंडल, मार्च १९७४. संध्याकाळ.

सांगलीहून आणलेले गणिताचे कागद पिशवीतच आहेत. अणूचा गाभा लांबट धरला की मॉडेलमध्ये एक दिशा खास ठरते. निसर्गात तशी नसते. म्हणून तोच गाभा सगळ्या दिशांना फिरवून बेरीज घ्यायची. तीन वर्षं हेच करतोय.

त्याच तोऱ्यात परवा आजारी आबांची खाट वाऱ्यासाठी फिरवली. आई म्हणाली, "पाय दक्षिणेला नगं करू रं. मेल्या माणसाचं करत्यात तसं." मी म्हणालो, "आई, सगळ्या दिशा सारख्याच."

का बोललो मी?

आज सकाळी आबा गेले. चुलते म्हणाले, "पाय दक्षिणेला करा रं." आम्ही उठलो.

आई म्हणाली, "तिकडंच हायत."