पण-बाईंच्या वर्गाची वाटणी

मी, अर्थशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, प्रत्येक मताला ‘पण...’ म्हणते म्हणून मुलं पाठीमागे जिला ‘पण-बाई’ म्हणतात ती, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आजवर ते मीच आणत आले.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलीला. जावयांनी स्वयंपाकघराची भिंत पाडायचा विचार मनातही आणू नये.

२. शिलाईमशीन नणंदेला. ती तिने न विचारता केव्हाच नेली आहे, त्यामुळे ताब्याचा प्रश्न उद्भवत नाही.

३. आता बाहेरची खोली. पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेजात एकच पुस्तक: माणूस स्वार्थी, बाजार शहाणा, विषय संपला. त्याच प्रश्नाकडे कामगार कसा बघतो, घर सांभाळणारी बाई कशी बघते, कारखान्याचं पाणी ज्याच्या विहिरीत येतं तो कसा बघतो, हे मी शनिवारी शिकवू लागले. विभागप्रमुखांनी त्यासाठी खोली दिली नाही. विभागप्रमुख म्हणजे माझे सख्खे धाकटे दीर. म्हणून वर्ग घरी आणला, तो आजही भरतो. माझ्यामागे तो बंद पडेल, एवढीच मला धास्ती आहे. सबब, शनिवारी ही खोली वर्गाचीच राहील.

४. वर्गाचा नियम असा की, ज्याला जे मत पटत नाही ते त्यानेच शिकवायचे. ते मत मानणारा ‘हो, हेच म्हणायचंय मला’ असे म्हणेपर्यंत सुटका नाही. या हिशेबाने माझ्यानंतर वर्ग घ्यायला भाऊजींइतका लायक माणूस नाही. माझे एकही म्हणणे त्यांना कधी पटलेले नाही. माझ्या आजारपणात मात्र रोज संध्याकाळी येऊन भांडायला तेच बसले. मला ते फार आवडतात. तोंडावर सांगणार नाही.

५. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. भाऊजींना नुसते काम मिळते आहे, तेव्हा सही त्यांचीच घेते. वाचल्याशिवाय ते सही करत नाहीत, हे मला पक्के ठाऊक आहे.

वरचा शब्द न् शब्द माझा. खाडाखोडही माझीच.

ठिकाण: बाहेरची खोली
दिनांक: परीक्षेनंतरचा पहिला शनिवार
सही: पण-बाई

साक्षीदार १: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार २: धाकटे दीर, विभागप्रमुख (सही, खाली त्यांच्याच अक्षरात)
वाचले. एकही कलम पटले नाही. वर्ग घेईन. पण वहिनी, तुमचं म्हणणं मी बरोबर मांडतोय का, हे सांगायला समोर तुम्हीच लागाल. येत्या शनिवारपासून सुरू करतो, तुम्ही असतानाच.