वाळूच्या ढिगातली कविता

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्या (वय वर्षं त्र्याहत्तर) भावाचा वाकून नमस्कार. वाकणं कंबरेला मानवत नाही, तेव्हा कागदावरच मानून घे. तुझे गुडघे काय म्हणतात? पायमोजे घालून झोपतेस ना? इकडे थंडी अशी पडली आहे, की सकाळी गाडीची काच खरवडताना शाळेतली पाटी आठवते. (पाटी थुंकीने पुसली जायची. काचेवर करून पाहिलं, थुंकीच गोठली.)

तुझ्या भावजयीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तो डोळा दाखवायला गेल्या गुरुवारी सकाळी आम्ही दवाखान्यात निघालो. थंडीत गाडी चालवताना जागं राहायचा माझा उपाय तुला ठाऊकच आहे : मोठ्याने कविता म्हणायची. मी अडखळलो, की ही म्हणणार, "अहो, बाजूला घ्या." मग थर्मासमधला चहा, गाडीभोवती दोन फेऱ्या आणि पुढे. चाळीस हिवाळे हा नियम पाळला. त्या दिवशी दोन स्वेटर, मफलर आणि कानटोपी यांत मी असा आवळला गेलो होतो, की मान वळवायची तर अख्खा मीच वळायचो. हीटर पूर्ण सोडलेला. (डॉक्टर म्हणतात, फार ऊब नको, काच बोटभर उघडी ठेवा. पण हिच्या डोळ्याला वारा लागला असता.) म्हणायला घेतली तुझ्या जुन्या पुस्तकातली झऱ्याची कविता, जिच्याशेजारी तू शाईचं बदक काढलं होतंस. दोन कडवी झाली आणि ताई, मला तो झराच दिसायला लागला. काठावर तू, दोन वेण्या, हातात माझी वाहून चाललेली चप्पल. इतकं स्वच्छ हल्ली मला वर्तमानपत्रही दिसत नाही.

तेवढ्यात काचेवर टकटक. बाहेर रस्त्यावर वाळू पसरणारा कामगार. "आजोबा, कविता संपली असेल तर गाडी मागे घ्या. मला वाळू न्यायचीय." घसरड्या रस्त्यासाठी ठेवलेल्या ढिगात आमच्या गाडीचं नाक अलगद रुतलं होतं, आणि कविता शेवटच्या कडव्यावर होती. एक शब्द चुकला नव्हता! म्हणजे नियमाप्रमाणे मी टक्क जागा होतो. कोणाला खरचटलं नाही, थर्मासही शाबूत. हिने चहा ओतायला घेतला, ताई. निम्मा तिच्या पदरावर सांडला.

येत्या सोमवारी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन. जुनी कविता झोपेतही येते असं सिद्ध झाल्यामुळे मी नवी पाठ करायला घेतली आहे. काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. गाडी ढकलताना कामगाराने सांगितलं, की त्याने ऐकला तो आवाज आजींचा होता, आणि त्यांचेही डोळे मिटलेले होते. म्हणजे मी कुठेतरी मध्येच थांबलो आणि पुढची कविता हिने म्हटली, तीही झोपेत. (चाळीस वर्षांत मी तिला एकदाही म्हणायला सांगितलं नाही.)

आणखी एक. नवी कविता पाठ होत नाही. दुसरी ओळ आली, की पहिली जाते. तुझा लेक "मामा, मी नेतो मामीला" म्हणाला होता, तेव्हा मी त्याला हसून उडवून लावलं. त्याला सोमवारी सात वाजता पाठव. तुलाच सुचलं असं सांग. मी दारात थोडा रागावेन, तिकडे लक्ष देऊ नकोस म्हणावं. मी मागे हिच्याशेजारी बसेन. ते शेवटचं कडवं मला तिच्याकडून एकदा जागेपणी ऐकायचं आहे.