पदराला लावलेला माईक

प्रिय करण,

दिवाळीतली ती सकाळ. शेण काढून झालं होतं, चुलीवर पाणी तापत होतं, आणि संगमनेरची दुधाची गाडी यायच्या आत मला दोन्ही गायींच्या धारा काढायच्या होत्या. तू मधेच आलास आणि माझ्या पदराला बोटाएवढा माईक अडकवलास. म्हणालास, "आई, फक्त धारांचा आवाज घ्यायचाय." मग तू लांब गंजीपाशी जाऊन उभा राहिलास आणि मी माईक विसरले.

पिशवीभर सामान आणलं होतंस. हात हलला तरी चित्र हलू न देणारी दांडी, तोंडावर उजेड पाडणारं गोल कडं, मोबाईलला चिमट्याने लावायचं भिंग. त्या भिंगातून माझ्या टाचांच्या भेगा घेतल्यास. मी म्हटलं, त्यापेक्षा मलम आणलं असतंस. तू हसलास.

धारा काढताना मी तुझ्या अण्णांशी बोलते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अकरा महिने ते अंथरुणाला होते. सुप्याहून तू दोनदा आलास. एका दुपारी तिसऱ्यांदा चादर बदलताना माझ्या तोंडून गेलं, 'सुटा एकदाचे.' त्यांनी ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं. चौथ्या दिवशी गेले. त्याची माफी मी रोज गोठ्यात मागते. त्या सकाळी तू गंजीपाशी कानात बोंडं घालून ती ऐकत होतास, आणि मला हाक मारली नाहीस.

पुढच्या आठवड्यात गिरणीत मालनबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "आगं, म्हाताऱ्याला तू असं म्हनलीस व्हय? माझी सून मोबाईलवर ऐकून लई रडली!" दळण तिथंच टाकून मी घरी आले. तुला फोन करून म्हटलं, काढून टाक ते. तू म्हणालास, "आई, दोन लाख लोकांनी पाहिलंय गं, लोक रडतायत." तू रडलास का, ते नाही सांगितलंस. अजून ते तसंच आहे.

हे लिहून कळवतेय, कारण फोनवर बोललेलं कुठं वाजेल याचा आता मला भरवसा नाही. सोमवारी तुझा फोन आला. चौदा तारखेला अण्णांच्या वर्षश्राद्धाला मित्राला, त्या समर्थला, घेऊन येतो म्हणालास. कावळा घास उचलताना टिपायला लांबचं भिंग मागवलंय. तुला तारीख पाठ आहे. श्राद्ध तिथीला असतं, आणि तिथी दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी होती. सांगायला तोंड उघडलं होतं, पण मिटलं. चौदाला येऊ नकोस. मंगळवारीच मी तुझ्या बन्सीकाकांच्या हातून पिंड दिले आणि आलेल्या माणसांना जेवू घातलं.

तुझीच,
आई