बदामाची बाटली

लातूर
९ मे १९८६

चि. सौ. पार्वतम्मा हिस,

अक्काचा आशीर्वाद. भाऊजींना शरणार्थ सांग.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. पाण्याच्या धावपळीत उत्तराला उशीर झाला, असं लिहिणार होते. टँकर चार दिवसांनी येतो, तोही गल्लीच्या तोंडाशीच थांबतो. शेजारची गुरम्मा म्हणते, "जिल्हा झाला, कलेक्टर आला, हापिसं आली. पाणी तेवढं यायचं राहिलं." तुमच्याकडं गोदावरी आहे, घरात फ्रिज आहे. तुला हे कळायचं नाही.

पण उशिराचं कारण पाणी नाही.

तू लिहिलंस, पुढच्या महिन्यात यांना जाऊन वर्ष होईल त्या दिवशी नांदेडलाच जंगमांना बोलावू आणि पंगतीला थंड बदामदूध करू, त्यांना फार आवडायचं. तुझ्या लेकानं, चन्नबसप्पानं, बोटीवरच्या नोकरीतून आणलेल्या बदामाच्या सरबताची एक बाटली तुझ्याकडं आहे. हे तुझ्याकडून परत येताना यांच्याबरोबर दिलेली दुसरी उरली असेल तर मी घेऊन यावं.

ती चौकोनी बाटली मी काढली. तुला ठाऊक आहे, मी मराठी वाचायला शिकले पुड्यांच्या कागदावरून आणि इंग्रजी अक्षरं औषधांच्या खोक्यांवरून. लेबलावरची अक्षरं लागली, शब्द लागेना. म्हणून वरच्या खोलीतल्या भाडेकरूला, शेषेरावांना दाखवली. ते इथल्या नव्या एक्साइज कचेरीत कारकून आहेत. वास घेतला आणि हसायलाच लागले.

"काकू, सरबत न्हाई हे. दारू हाय, इटलीची! बदामासारखी लागती, पर बऱ्याचदा बदाम नसतोच, जर्दाळूच्या बियांचा गर असतो. साहेब लोक कॉफीत घालतेत, न्हाईतर लिंबू पिळून बर्फावर घेतेत."

"आणि दुधात?"

"दुधात कोण घातली?"

मी म्हटलं, पाहुण्यांत कुणीतरी.

पार्वतम्मा, ज्या माणसानं जन्मात विडी ओढली नाही, त्याला तू दीड महिना रोज चमचाभर दारू पाजलीस. तिकडं झोप छान लागायची म्हणायचे. मी एकटीच हसले. मग वाटलं, कळवूच नये. पंगतीत कुणाला तरी वास ओळखू येईल, पेले खाली ठेवले जातील, सगळे तुझ्याकडं बघतील. ती पंगत मी मनात आठ दिवस वाढली. उशीर त्याचा.

तुझा अपराध काय? दवाखान्यासाठी ते तुझ्याकडं राहिले, तू सेवा केलीस. परत आले ते तुझ्या दुधाचं कौतुक करत. मी विकतच्या पाण्यात बदाम भिजवले, सोलले, पाट्यावर वाटले. एक घोट घेऊन म्हणाले, "चांगलं हाय. पर पार्वतीसारखं न्हाई."

सत्तावीस वर्षं माझ्या हातचं जेवले होते.

शेवटच्या आठवड्यात अन्न जाईना. म्हणाले, "अगं, ती बाटली हाय का? जरा घाल दुधात."

मी म्हटलं, संपली.

बाटली कणगीमागं होती. मीच ठेवली होती. तेव्हा ती दारू आहे हे मला माहीत नव्हतं, म्हणजे ते निमित्तही माझ्याकडं नाही.

मी साधंच बदामदूध दिलं. त्यांनी पेला हळूहळू रिकामा केला आणि म्हणाले, "आज जमलं बघ. पार्वतीसारखं."

जिभेची चव गेली होती, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे मी वर्षभर स्वतःला विचारत आले. बाटली काढायला मी उठले नाही, एवढं खरं.

तुझी बाटली आजच मोरीत ओत. कुणाला सांगू नकोस. शेषेराव बोलणार नाहीत. माझी मात्र मी अजून ओतलेली नाही, तीन बोटं उरली आहेत.

बदाम मी इथून सोलून आणते. दूध तू आटव आणि वाढही तूच. त्यांना तुझ्या हातचं आवडायचं, हे मला त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणता येईलसं वाटत नाही, म्हणून इथं लिहिलं.

संपली नव्हती गं.

तुझी अक्का,
उमादेवी