नॉर्वेच्या बाईंचं पान

आई, तुझ्या त्या नॉर्वेच्या बाईंचा मला अजून राग येतो. तू जाऊन कितीतरी वर्षं झाली, त्या तर तुझ्या जन्माआधीच गेलेल्या. तरी येतो.

राजारामपुरीतलं आपलं स्वयंपाकघर आठवतंय. शाळेत शिकवून आलीस की परातीशेजारी त्यांची जाडजूड ऐतिहासिक कादंबरी उघडी. मूळ नॉर्वेजियन, तुझ्या हातात इंग्रजी, आणि तुला ती मराठीत आणायची होती. बाई पोरं सांभाळून लिहायच्या, जुन्या काळच्या बायका लोणी कसं काढत हे लिहिण्याआधी स्वतः घुसळून बघायच्या, हे तू आल्यागेल्याला सांगायचीस. मग तूही त्यातलं प्रत्येक बोलणं भाकरी थापत मोठ्यानं बोलून बघायचीस. "शेतकऱ्याची लेक पुणेरी बोलंल व्हय?" मी म्हणते, "आई, भूक लागलीया." तू म्हणतेस, "दम धर की, तिचं लगीन मोडाय लागलंय!" तव्यावर भाकरी करपते, बाबा हसतात. मला हसू येत नाही.

कहर केलास तो सर्वपित्रीला. आजी-आजोबांच्या पानांशेजारी आणखी एक पान मांडलंस. काकूंनी विचारलं, "ह्ये कुणाचं गं?" "आमच्या नॉर्वेच्या बाईंचं. तिकडं कोण वाढणार त्यास्नी?" खीर, वडे, आमटी, सगळं साग्रसंगीत. आणि मेला कावळाही आधी त्यांच्याच पानाला शिवला! तू हरखलीस. माझा नुसता जळफळाट झाला. मेलेल्या परक्या बाईची आवडनिवड तुला ठाऊक, माझ्या डब्यात मात्र रोज बटाटा.

पुस्तक छापून आलं, नावाजलं गेलं. मी हट्टानं उघडलं नाही. आता नवी आवृत्ती निघतेय, समारंभात मला चार शब्द बोलायचेत, म्हणून गेल्या आठवड्यात नाइलाजानं वाचायला घेतलं. त्यातली धाकटी पोरगी आईचा हात ओढून म्हणते, "माझ्याकडं बघ की. मी बोलाय लागलोय न्हवं?" आई, हे माझं बोलणं आहे. पुढची तिची भांडणंसुद्धा माझीच, शब्दन् शब्द. म्हणजे माझ्याकडं पाठ फिरवून उभी असायचीस तेव्हा तू सगळं ऐकत होतीस. मी पुस्तक मिटून हमसून हमसून रडले.

हे पत्र काही कुठल्या टपालपेटीत पडायचं नाही, म्हणून सांगते. डोळे पुसल्यावर मला त्या पोरीचाही हेवा वाटला. ती हाक मारते तेव्हा तिची आई हातातलं काम टाकून तिच्याकडं बघते.