डावीकडची पेडलं

४ जानेवारी

गाडीचं दार उघडलं तर आतून उंदीर बाहेर आला. पळाला वगैरे नाही. घरमालक भाडेकरूकडे बघतो तसं बघितलं आणि चालत गेला.

गेल्या वर्षी यांना झटका आला तेव्हापासून गाडी शेडमध्येच. टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, पुढे-मागे लाल L, आणि डावीकडे यांची ती जास्तीची दोन पेडलं – एक क्लच, एक ब्रेक. अर्धं गाव या गाडीत शिकलं. शिकणारा गडबडला की हे आपल्या बाजूनं दाबायचे, त्याच्या पायाखालचं पेडलही आपोआप खाली जायचं. त्या अर्ध्या गावात मी नाही. "बायकोला गाडी शिकवणं म्हणजे भांडणाला शिकवणी लावणं," असं म्हणून वर स्वतःच हसायचे.

झटक्यानंतर हात परत आला. बोलणं परत आलं (ते जरा सावकाश आलं असतं तरी चाललं असतं). उजवा पाय मात्र आला नाही. व्यायाम घेणारी मुलगी म्हणते, पायात जीव आहे, पण त्याला रोज काम सांगायला हवं, सेंटरवर आणा. एकदा नेलं टॅक्सीनं. जाताना पूर्ण रस्ताभर ड्रायव्हरला शिकवलं. येताना तो म्हणाला, बाई, उद्यापासून दुसरी बघा. तेव्हापासून यांचं एकच – दुसऱ्याच्या गाडीत बसणार नाही.

आज विचारलं, "आणि आपल्याच गाडीत?"

"ती चालू झाली तर बघू."

ठीक. बघूच.

७ जानेवारी

नापास आला. गॅरेज आहे त्याचं, चार माणसं हाताखाली आहेत, पण यांच्या हाताखाली तीनदा टेस्ट नापास झाला म्हणून अख्खं गाव नापासच म्हणतं. तोही मोबाईलवर "नापास बोलतोय" म्हणतो. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली, बॉनेट उघडून आत बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, सर कसे आहेत?" म्हणजे गाडी फारच वाईट आहे.

लेकीचा फोन. आई, भंगारात दे. म्हटलं, कुणाला, गाडीला की बाबांना? हसली.

९ जानेवारी

नवी बॅटरी घातली. किल्ली फिरवली की स्टार्टर कुरकुरतो, इंजिन काही पकडत नाही.

नापासनं प्लग काढून ठिणगी बघितली – आहे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. नवं भरलं. तरी नाही. मग मला म्हणाला, किल्ली अर्धीच फिरवा आणि मागे कान लावा, पेट्रोलचा पंप गुणगुणतोय का? मी एकटी किल्ली कशी फिरवू आणि कान मागे कसा लावू! त्यानं किल्ली घेतली, मी मागच्या सीटवर आडवी. चिडीचूप. सीट उचलली तर पंपाची वायर कुरतडलेली आणि शेजारी यांच्या हातरुमालाचं मऊ मऊ घरटं. घरमालक!

१० जानेवारी

वायर जोडली. सुरू झाली. शेडभर धूर. खोकत खोकत नाचले मी.

खिडकीतून यांचा आवाज – "तीनच सिलिंडर चालतायत!" नापासनं चारही प्लग परत तपासले. एक मेलेलाच होता. पलंगावरून कळतं या माणसाला.

१३ जानेवारी

मागची चाकं जाम. हँडब्रेक ओढून ठेवलेला, आत सगळं गंजून एकमेकांना चिकटलेलं. हातोडी, तेल, पुन्हा हातोडी. शेजारचे विचारायला आले, काय तोडताय? म्हटलं, जोडतोय.

१७ जानेवारी

आता यांना आत बसवायचं कसं? बसायचं एक वेळ जमेल, पण पाय आत घ्यायला वळायला हवं, आणि उजवा पाय मेला उंबऱ्यापाशीच अडून बसतो.

नापासनं डोकं चालवलं. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीची खालची चकती काढून डाव्या सीटखाली बसवली. सीट दाराकडे फिरवायची, बसायचं, मग सगळ्या सरंजामासकट पुढे वळायचं. आम्ही दोघांनी आळीपाळीनं फिरून बघितलं. मी जरा जास्तच वेळा.

एक त्रास झाला – चकतीमुळे सीट उंच झाली, डोकं टपाला लागतं. उद्या गादीतला फोम कापायचा.

१८ जानेवारी

त्याला म्हटलं, ती डावीकडची पेडलं काढूनच टाक, पाय अडकतात त्यात. हे आतून ओरडले, "पेडलांना हात लावायचा नाही. ती निघाली तर मीही बसणार नाही!"

आमच्या सासऱ्यांनी मागे ठेवलेला हा हट्ट. जमीनजुमला ठेवला असता तर!

२० जानेवारी

पहिली फेरी. लिहिताना अजून हसू येतंय.

हे नीट बसले. पट्टा लावला. शेडबाहेर काढली, गल्ली ओलांडली, चौकात उजवीकडे वळवली – आणि सीट फिरली! हे थेट दाराकडे तोंड करून बसलेले. डावीकडे वळवली तर माझ्याकडे तोंड. "काय चाललंय काय? मला काय भोवरा समजलीस?" चकतीला अडकवायची खीळ बसवायलाच विसरलो होतो आम्ही. घरी येईपर्यंत एका हातानं यांचा दंड धरून चालवली.

आणि उतरता उतरता म्हणाले, "गिअरला हात खालून घेतेस. ही चौकापलीकडच्या बाईची शिकवण."

झालं. पाच वर्षांपूर्वी शिवणक्लासला जाते सांगून चौकापलीकडच्या स्कूलमध्ये शिकले मी. यांच्या सख्ख्या वैरिणीकडे. दोन महिन्यांत घरी एक साधा अभ्रा शिवून आला नाही तेव्हा काही कळलं नाही, आणि आज गिअरच्या एका हातावरून ओळखलं! म्हटलं, आता बोला काय बोलायचं ते.

जेवताना फक्त – "तिनं आरसा बघायला शिकवलेलं दिसत नाही."

२१ जानेवारी

खीळ बसली. नवरा जागेवर राहतो.

२३ जानेवारी

सेंटरवर रोज जातो आता. पण गाडीचं नवं नाटक. चढावर इंजिन बोंबलतं, गाडी मात्र पुढे सरकत नाही, आणि जळका वास. क्लच घसरतोय म्हणे. नापासला बसवून तोच चढ चढले – लोण्यातून सुरी. तो म्हणाला, काकू, काही नाही हो. घरी येऊन यांना घेतलं – पुन्हा बोंब, पुन्हा वास.

२५ जानेवारी

क्लचची केबल आवळली. नापास असताना ठीक. हे असताना घसरतो.

नापास (हळूच): "सरांचं वजन वाढलंय का?"

वाळूची दोन पोती भरून सीटवर ठेवली, पट्टा लावून. तोच चढ. काही होत नाही. पोत्यांचा स्वभाव बरा, एवढंच सिद्ध झालं. रस्ताभर एक शब्द नाही.

२६ जानेवारी

सापडलं!

सेंटरच्या दारात किल्ली खाली पडली. उचलायला वाकले तर यांचा डावा पाय डावीकडच्या क्लचवर. दाबलेला नाही, नुसता ठेवलेला – उशीवर डोकं ठेवावं तसा. आयुष्यभर तिथेच ठेवला ना. तेवढ्या भारानं क्लच अर्धा सुटलेला राहतो आणि घसरतो.

"अहो, पाय काढा तिथून."

"कुठला पाय? माझा पाय आहे का जागेवर?"

"डावा. चांगला आहे तो."

"मी ठेवलेलाच नाही."

ठेवलेला असताना! यांच्याशी कोण वाद घालणार. संध्याकाळी गॅरेजला जाऊन नापासला सांगितलं, पेडलं दिसायला राहू देत, पण खालून दोन्ही सोडून टाक. क्लचही आणि ब्रेकही. सरांना कळता कामा नये. तो डोकं खाजवत राहिला. म्हटलं, करणार आहेस की नाही? "करतो, करतो काकू."

२७ जानेवारी

चढ चढली. यांचा पाय तिथेच, ठेवलेला. सुटलेल्या पेडलवर सुखानं. "बघ, आता कसा बसला क्लच," म्हणाले. "केबल आवळायची असते वेळेवर."

हो म्हटलं.

१ फेब्रुवारी

सेंटरमध्ये आज चालायच्या दांड्यांमध्ये उभं केलं. मुलगी म्हणते, काका, उजवा पाय उचला. हे म्हणतात, उचलतोय. पाय जागच्या जागी. मग तिला पार्किंग कसं चुकलंय ते सांगायला लागले – खिडकीतून तिची स्कूटर दिसत होती.

मला बाजूला घेऊन म्हणाली, काकू, ते प्रयत्नच करत नाहीत. पायाला काही सांगतच नाहीत. या महिन्यात थोडीसुद्धा हालचाल दिसली नाही तर डॉक्टर हा व्यायाम थांबवतील. मग पट्ट्यांचा आधार आणि वॉकर, कायमचा.

परत येताना गाडीत सांगितलं सगळं. घराजवळ आल्यावर म्हणाले, "उगाच रोज नेतेस. पाय गेला तो गेला."

इतका राग आला की शेडमध्ये गाडी लावली आणि तशीच बसून राहिले. हे म्हणाले, उतरायचं आहे. म्हटलं, उतरा की. मग मलाच रडू आलं. वर्षभर मी एकटीच ओढतेय आणि हे ब्रेक लावून बसलेत. असं तोंडावर बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले.

२ फेब्रुवारी

आज न्यायचा विचार नव्हता. साडेनऊला हेच म्हणाले, "गाडी काढतेस ना?" काढली.

५ फेब्रुवारी

हेडलाइट एक मंद. खाली तारेला गंज. घासला, झाला. असे दोष किती बरे असतात.

९ फेब्रुवारी

पायाचं काही नाही. मुलगी आता मला बघून हसते, आधी यांना बघून हसायची.

१२ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

सेंटरहून परत येताना, आमच्याच मागच्या गल्लीत. मागून कुणी तरी भोंगा वाजवत होतं, म्हणून आरशात बघितलं (आता बघते मी आरशात). तेवढ्यात एका दारातून एक माणूस उलटा चालत रस्त्यावर आला. हातात कपाटाचं एक टोक, दुसरं टोक अजून घरात. मी समोर बघितलं तर त्याची पाठ एवढ्या जवळ की शर्टाची शिवण दिसली. पाय ब्रेककडे नेला – आणि गाडी थांबली. क्लच दाबायचं राहिलं म्हणून इंजिन धक्का देऊन बंद. त्या माणसाला कळलंही नाही. कपाट घेऊन उलटाच पलीकडे गेला.

हे पांढरेफटक. मग श्वास सोडून म्हणाले, "दाबला म्हणून वाचला तो."

मला हसूच फुटलं, घाबरलेली असूनही. दाबला म्हणे! पण बोलले नाही. तोवर छाती पुढे काढून बसलेही होते, कशाला हवा काढा. म्हटलं, हो हो, तुम्ही होतात म्हणून. उतरवताना बघितलं तर उजवा बूट धक्क्यानं निघून पेडलमागे अडकलेला. काढला, घातला.

एक मात्र दाखवायला हवं. माझा पाय ब्रेकवर पोचला तेव्हा पेडल आधीच खाली गेलेलं होतं, बुटाखाली काही लागलंच नाही. ब्रेकचं तेल गळतंय बहुतेक. ब्रेकचा दोष अंगावर काढायचा नसतो. उद्या सकाळीच नापासकडे.

१३ फेब्रुवारी

तेल पुरेपूर. गळती नाही. नापासनं दहा वेळा दाबून बघितला, ब्रेक एकदम कडक. म्हटलं, अरे मग काल माझ्या आधी पेडल खाली गेलं कसं? तो खालीच बघत राहिला. "काकू, रागावू नका. क्लच तेवढा सोडवला मी. सरांचा ब्रेक सोडवायला हात धजला नाही."

तिथेच खुर्चीत बसले आणि रडले. त्यानं घाबरून पुसायला फडका दिला, तो ग्रीसचा.

घरी आले तर हे म्हणतात, "कुठे तोंड काळं करून आलीस?"

म्हटलं, उजवा पाय दाखवा आधी.